परत पाठवायची हमी

"तू वर्ध्यात काऊन राह्यते?"

फिटरबाबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. खरं तर प्रश्न मी त्यांना विचारला होता. मी टाइपरायटरवर कागद चढवून बसले होते आणि फॉर्मवर छापलेलंच होतं : भारतात राहण्याचा हेतू. मी त्यांचा हेतू विचारला, तर त्यांनी माझाच विचारला.

"मी? मी इथलीच आहे," मी म्हटलं.

"ते नाई इचारलं. काऊन राह्यते?"

"काऊन म्हणजे... घर आहे. मामा आहे. काम आहे."

"मंग माहं बी तेच लिव," ते म्हणाले आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

आता तुम्हीच सांगा, असं उत्तर फॉर्मातल्या त्या एवढ्याशा रेघेवर कसं बसवायचं? आणि विचारणारा कोण, तर उंच, उन्हानं विटेसारखा लाल झालेला एक गोरा म्हातारा! खाकी अर्धी पँट, पायात टायरच्या चपला, डोक्याला आपल्या शेतकऱ्यांसारखा पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. मी तोंड उघडं टाकून बघतच बसले.

थांबा, नीट सांगते. उलटंसुलटं सांगायची मला सवयच आहे. माझी बोटं डोक्याच्या पुढे पळतात. मामा म्हणतो, ही पोरगी आधी टाइप करते आणि मग विचार करते. तर, वर्ध्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझा मामा अर्जनवीस म्हणून बसतो. लोक तोंडी सांगतात, तो अर्ज लिहून देतो. शेजारच्या टेबलावर मी इंग्रजी टाइप करते. सुरुवातीला लोक नुसते 'पोट्टी टाइप करते म्हणे' एवढंच बघायला यायचे. मी तर त्यांच्यासाठी मुद्दाम जोरात वाजवायची.

फिटरबाबा स्वित्झर्लंडचे. तरुणपणी कापसातली सरकी काढणाऱ्या जीनच्या मशिनी खोक्यांत भरून आल्या, त्या जोडायला ते सोबत आले. मशिनी जोडून झाल्या, खोकी जळणात गेली आणि हे राहिले. आर्वीचा जीन, पुलगावचा जीन, कुठे पट्टा तुटला, कुठे चाक घसरलं की फिटरबाबांना बोलावणं. अख्खी नोकरी अशी गेली. रिटायर झाल्यावर आष्टीकडे अन्सामायच्या संत्र्याच्या बगीच्यात, विहिरीजवळच्या खोलीत राहायला गेले. अन्सामायचा नवरा जीनमध्ये मशिनीला तेल द्यायचा, फिटरबाबांचा जोडीदार. तो वारला. मग बगीचा अन्सामायनं पाहिला आणि विहिरीवरचं इंजिन फिटरबाबांनी.

नोकरी होती तोवर कंपनीचा बाबू त्यांचे सगळे कागद करायचा. रिटायर झाले तसे कागद त्यांच्या अंगावर आले. परदेशी माणसानं दर वर्षी राहायची परवानगी मागायची, गाव सोडून गेलं तर कळवायचं, आलं तर कळवायचं. ते दर वर्षी आमच्या टेबलाशी यायचे आणि दर वर्षी भांडायचे.

मामाचा अर्ज 'आय बेग टू स्टेट'नं सुरू होतो. सगळ्यांचेच होतात. फिटरबाबांनी त्या 'बेग'वर बोट ठेवलं.

"हे काढ. मी भीक नाई मागून राह्यलो. सांगून राह्यलो."

"अहो बाबाजी, रीत आहे ही," मामा म्हणाला.

"तुही रीत तू ठेव. पोट्टे, नुसतं 'आय स्टेट' लिव."

मी लिहिलं! मामा चार दिवस बोलला नाही माझ्याशी.

एक गोष्ट मात्र तुम्ही पाहायला हवी होती. कुठलंही यंत्र दिसलं की ते आधी त्यावर तळहात ठेवायचे. बैल विकत घेताना पाठीवर ठेवतात ना, तसा. आष्टीची मोटार थांबली की खाली उतरून बॉनेटवर हात, आणि ड्रायव्हरला, "ताप हाय इले. पाणी पाज." माझ्या मशीनवरही मी टाइप करत असतानाच हात ठेवला. मी थांबले तर म्हणाले, "थांबू नको, चालू दे, आयकू दे." मग खिशातून बारीक तार काढून काहीतरी केलं, आणि माझा 'आर' जो दर वेळी अडकायचा, तो सुटला. माझ्या बोटांना तर मोकळं रानच मिळालं.

दुसरी गोष्ट खुर्चीची. पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद होते त्या खोलीत गोरा माणूस आला की शिपाई धावत खुर्ची आणायचा. फिटरबाबा कधीच बसले नाहीत. पायांवर सूज असायची, दम लागायचा, जीनमधला कापूस जन्मभर छातीत गेलेला. तरी उभे.

एकदा मी विचारलंच, "बाबा, बसत का नाही? पाय दुखत नाहीत?"

"दुखते ना. पण खुर्ची पाव्हण्याले देते. बसलो तं पाव्हणा झालो. आन पाव्हण्याले कधीतरी इचारतेच, जाता कवा?"

मग रस्त्यात मला सांगितलं. रिटायर झाल्यावर ते एकदा आपल्या देशी जाऊन आले होते, भावाकडे. घर मोठं, जेवण चांगलं, भावजय प्रेमळ. "पण सारे इचारत, किती दिवस हाय? दूधवाला इचारे, भावाचे नातू इचारत. अन्सामायच्या गावात मले कोणी इचारत नाई. फक्त तुमचं हे हाफीसच इचारते."

एवढं सांगून त्यांनी एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि साल खिशात घातली. साल ते कधी रस्त्यावर टाकत नसत. चहात घालायचे.

मग छप्पन्न साल आलं, आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला ते. कालपर्यंत आपण नागपूरकडे बघत होतो, आता मुंबईकडे. कचेरीत नुसती धावपळ, गठ्ठे बांधले जात होते, गठ्ठे सुटत होते. फिटरबाबांना भारी मजा वाटली.

"पोट्टे, मी जागचा हाललो नाई आन राज्य हाललं! आता तुमी सारे नवे, मी जुना."

पण गंमत तेवढ्यावर थांबली नाही. या वेळी नवा कारकून होता आणि त्याच्याकडे नवी मागणी होती. रिटायर्ड परदेशी माणूस, कमावता नाही, तर गावातल्या दोन जणांनी हमीपत्र द्यायचं. हमीपत्र आलं नाही तर मुदत वाढणार नाही. मुदत वाढली नाही तर देश सोडायचा. सरळ हिशेब.

कारकून वाईट नव्हता बरं का. त्यानं हळूच मामाला सोपा रस्ताही सांगितला. "कशाला त्या भानगडीत पडता? यांना खोकला आहे ना? 'औषधोपचारासाठी राहणे' असं लिहा. डॉक्टरचा कागद लावा. सहा महिने कोणी विचारत नाही. मग पुन्हा लिहा."

मामाचा चेहरा खुलला. फिटरबाबांचा पारा चढला.

"खोकला माहा हाय. मी सरकारले काऊन देऊ?"

"बाबाजी, खोटं थोडीच आहे? खोकता तर खरंच," मामा म्हणाला.

"खोकतो. पण खोकाले नाई राह्यलो इथं. राहाले राह्यलो."

झालं. हमीपत्राचा कागद घेऊन आम्ही आष्टीची मोटार धरली. अन्सामायचा आंगठा मामासमोर व्हायला हवा होता आणि आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीनंतरच्या पिकाची संत्री उतरवणं चालू होतं, म्हणून ती वर्ध्याला येणार नव्हती. मी मशीन सोबत घेतलं. मामा म्हणाला, कशाला? मी म्हटलं, कागदात चूक निघाली तर तिथंच दुरुस्त करता येईल. खरं कारण, मला मशीन सोडून कुठे जायला आवडत नाही. मोटारीतून उतरल्यावर फिटरबाबांनी ते खांद्यावर घेतलं, दम लागत होता तरी मला हात लावू दिला नाही.

अन्सामायच्या ओट्यावर संत्र्यांचे ढीग. ती स्वतः मधोमध बसलेली, बारीक अंगाची, नाकात मोठी नथ, आवाज मात्र विहिरीपलीकडे जाईल असा, आणि बोलणं तिकडच्या बायांसारखं, 'मी जातो, मी येतो'. दुसरा हमीदार दौलत, जीनमधला जुना भट्टीवाला. सतत हसणारा, पुढचे दोन दात नसलेला. फिटरबाबा इंजिन बघायला विहिरीकडे गेले आणि मामा एकेक कलम वाचून समजावू लागला.

"पहिलं. हा माणूस आमच्या चांगल्या ओळखीचा आहे."

"ओळखीचा?" अन्सामाय म्हणाली. "माह्या लग्नात नाचला होता हा."

"नाचला कायचा, पडला होता," दौलत म्हणाला.

"दुसरं. याचं चालचलन चांगलं आहे."

"पत्त्यात लबाडी करते. तेवढं सोडून लिव्हा."

"चूप रे दौलत! हो, चांगलं हाय. पुढं वाचा, भाऊ."

"तिसरं. याच्या खाण्यापिण्याची, दवापाण्याची जबाबदारी आमची."

"आता बी खातेच हाय. जरासं तिखट पडलं तं बोंबलते, तरी खाते. सांगा आंगठा कुठं लावाचा ते."

मामानं शाईची डबी उघडली. अन्सामायनं आंगठा बुडवला, कागदावर वाकली. मामा वाचत होता, "चौथं. गरज पडल्यास आम्ही याला स्वतःच्या खर्चानं याच्या देशी परत पाठवू."

आंगठा हवेतच थांबला.

"काय म्हनलं?"

मामानं पुन्हा वाचलं.

"आमी? याले? आमी पाठवू?"

"अहो माय, नुसतं लिहायचं असते. कोणी पाठवत नाही."

"पाठवाचं नाई तं लिव्हाचं काऊन?"

मामानं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. शेवटी म्हणाला, "रीत आहे."

"रीत असंल. बेचाळीसच्या गोळीबारापासून या गावात पोलिसाच्या कागदावर आंगठा द्याच्या आंधी लोकं दहादा इचारते. खाऊ घालाची हमी घ्या. दवाखान्याची घ्या. पाठवाची नाई भेटनार."

"अहो, पण ही हमी नाही दिली तर सरकारच पाठवेल त्याले! उलटं करून राह्यल्या तुम्ही!"

"सरकारनं पाठवलं तं ते सरकारचं पाप. माह्या आंगठ्यानं नाई जानार तो."

आणि तिनं शाईचा आंगठा ओट्याच्या खांबावर खसाखसा पुसून टाकला. दौलतनं तर हात पाठीमागेच लपवले, आम्ही धरून आंगठा लावू की काय असं.

तेवढ्यात फिटरबाबा हात पुसत आले. खांब बघितला, आमची तोंडं बघितली. मामानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "तुम्हीच समजवा आता."

ते अन्सामायसमोर उकिडवे बसले. "दे ना आंगठा. मी जानारच नाई, मंग तुले काय भ्याव?"

"तू चूप बैस. तुले काय समजते? उद्या मी मेलो आन माहा पुतन्या हा कागद घिऊन उभा राह्यला तं? म्हनन, माय लिवून गेली, पाठवा बुढ्याले."

"मी तुह्या आंधी मरतो ना."

"ते बी नाई भेटनार."

दौलत हसला, पण अर्ध्यावरच थांबला. फिटरबाबा उठले, विहिरीकडे गेले आणि थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं. धक, धक, धक.

"पाणी तं सकायीच झालं झाडायले," दौलत म्हणाला.

"चालू दे त्याले," अन्सामाय म्हणाली आणि संत्री निवडायला लागली. कोणी बघायला गेलं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं कोण जाणे. मी मशीन ओट्यावर ठेवलं, संत्री बाजूला सारली, कागद चढवला. "माय, तुम्हाला कशाची हमी द्यायची ते तुम्ही सांगा. मी तेच लिहिते."

"बेबे!" मामा माझ्यावर ओरडला.

पण अन्सामाय सांगायला लागलीसुद्धा. सांगताना हातानं संत्री निवडणं चालूच. "लिव. आमी याले जेवू घालू. बीमार पडला तं रातदिस पाहू. इंजिन बिघडवलं तं शिव्या देऊ, ते नको लिवू. मेला तं माह्या बगीच्यात जागा देऊ. आन परत पाठवू नाई. ते मोठ्या अक्षरात लिव."

मी ते खरंच कॅपिटलमध्ये टाइप केलं, इंग्रजीत, खाली रेघ मारून. एवढं भरभर मी कधी टाइप केलं नव्हतं, आणि एकही चूक नाही! मामा कपाळाला हात लावून बसला. "हा कागद नेला तर साहेब आपली टेबलं उचलून रस्त्यावर फेकेल." पण दोघांचे आंगठे झाले तसे त्यानं 'समक्ष' म्हणून सही केली. माझा मामा आहे शेवटी.

साहेबासमोर बोलायला कोणीतरी हवं, म्हणून अन्सामाय आमच्याबरोबर निघाली. संत्री दौलतवर सोडून. मोटारीत तिला उलट्या झाल्या, तरी कचेरीत शिरली ती पदर खोचूनच.

साहेब तरुण होता, मुंबईकडून नवा आलेला. फिटरबाबांना बघून त्यानं खुर्ची मागवली. ते नेहमीसारखे उभे राहिले. अन्सामायनं खुर्चीकडे बघितलं आणि स्वतः बसली.

"मी बसतो. मी हाय पाव्हनी इथं."

साहेबानं कागद वाचला. पुन्हा वाचला. "परत पाठवण्याची हमी यात नाही."

"नाई."

"उलट 'पाठवणार नाही' असं लिहिलंय."

"हो. मोठ्या अक्षरात हाय."

"आजी, तसं चालत नाही. कायद्यानं..."

"सायेब, तुमच्या घरी म्हातारं माणूस हाय का?"

"वडील आहेत."

"खोकते?"

साहेबानं कागद टेबलावर ठेवला.

"त्यायले कुठं परत पाठवाची हमी देता का कोनाले?"

मी मामाचा सदरा मागून घट्ट धरला होता. शिपाई दारात थांबला. साहेबानं फिटरबाबांना इंग्रजीत विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे? ते मराठीतच म्हणाले, "इनं सांगितलं तेच."

तुम्हाला वाटेल, साहेबाचं मन विरघळलं आणि त्यानं शिक्का मारला. तसं काही झालं नाही. "मला अधिकार नाही," तो म्हणाला. "कागद आहे तसा मुंबईला पाठवतो. ते काय ठरवतील ते ठरवतील. तोवर राहता येईल." आणि एक चिठ्ठी दिली : अर्ज विचाराधीन आहे. दर महिन्याला यायचं, चिठ्ठीवर तारीख टाकून घ्यायची.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "म्हणजे टांगलं." फिटरबाबा मात्र खूष. कडुनिंबाखाली उभे राहून त्यांनी चिठ्ठी उन्हात धरून पाहिली.

"म्हंजे सरकारचा इचार होयेपर्यंत मी हायच."

मग दर महिन्याला ते यायचे. खिडकीशी उभे राहायचे. "झाला का सरकारचा इचार?"

"नाही अजून," कारकून म्हणायचा.

"घाई नाई. करू द्या चांगला इचार. तवरक मी इंजिन पाहतो."

नंतर आमच्या टेबलाशी यायचे, माझ्या मशीनवर तळहात ठेवायचे, एक संत्रं सोलायचे. उन्हाळ्यात संत्री नसत, तेव्हा वाळलेली साल आणायचे, चहावाल्याला द्यायचे आणि आम्हा दोघांना त्याचा कडू चहा पाजायचे. मामा तोंड वाकडं करून प्यायचा. खोकला वाढला होता. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता तरी औषधाचं लिहू या. सुटाल या हेलपाट्यातून."

"तू बी त्यायच्यातली झाली का पोट्टे?" एवढंच. पुन्हा मी बोलले नाही.

पुढचा आंबिया बहार रंगावर येत होता, त्या महिन्यात ते आले नाहीत. दौलत आला. हसत नव्हता, तेव्हाच मला कळलं. संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली, खाली बसला.

"इंजिनापाशीच बसला होता," तो म्हणाला. "हात ठिऊन."

अन्सामायनं सांगितलं होतं तशीच जागा दिली, विहिरीजवळ, बगीच्यात. गावातली सगळी माणसं होती म्हणे. आम्हाला निरोप पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

आणि आता शेवटचं सांगते. काही दिवसांनी पोलीस कचेरीतून अन्सामायच्या नावानं कागद आला. परदेशी माणसाची नोंद वहीतून बंद करायची होती. त्यासाठी दोन गोष्टी कळवायच्या : देश सोडल्याची तारीख, आणि इथून कुठे गेले. मुंबईचं उत्तर तोवरही आलं नव्हतं, अजूनही आलेलं नाही.

अन्सामाय तो कागद घेऊन आमच्या टेबलाशी आली. या वेळी मोटारीत उलटी झाली की नाही, मी विचारलं नाही. मामा हळू आवाजात म्हणाला, "माय, मृत्यूची तारीख लिहू. संपलं मग."

"ते वायलं लिव्हा, मेला म्हनून. ते खरं हाय. पन हे काय इचारते? कुठं गेला? तो कुठं गेला?" तिचा आवाज पार कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेला, लोक बघायला लागले. "लिव पोट्टे. कुठंच गेला नाई. माह्या बगीच्यात हाय. येऊन पाहून घ्या म्हना."

मी कागद चढवला. 'आय बेग' टाइप केलं नाही. 'आय स्टेट' केलं. मग मृत्यूची तारीख, आणि खाली : नमूद इसमाने देश सोडलेला नाही. कॅपिटलमध्ये, रेघ मारून. मामानं कागद ओढून घेतला, पेन काढलं. मला वाटलं, खोडणार. त्यानं घाईत माझा राहून गेलेला पूर्णविराम दिला आणि कागद परत केला.

अन्सामायचा आंगठा घेतला. ती कडुनिंबाखाली थांबली, मी एकटीच कागद द्यायला गेले. कारकुनानं वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. मी डोळे पुसले असणार, कारण तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बसा ना, बाई," आणि शिपाई खुर्ची घेऊन आला. तीच खुर्ची.

मी उभीच राहिले.